टाकीला त्रिकोण नसतो

श्रावण सरत आला की जालना जिल्ह्यातली कपाशी कमरेला लागते आणि फवारणीचे दिवस सुरू होतात. भोकरदन असो, बदनापूर असो की मंठा, कृषी सेवा केंद्रासमोर सकाळपासून मोटारसायकली उभ्या राहतात. कुणी लाल पडलेलं पान घेऊन येतो, कुणी मोबाईलमधला फोटो दाखवतो. दुकानदार तुडतुड्यांसाठी एक औषध देतो, अळीसाठी दुसरं, करप्यासाठी तिसरं, वर फुलं टिकावीत म्हणून एखादं टॉनिक आणि औषध पानाला धरून राहावं म्हणून स्टिकर. या सगळ्यांसाठी वेगवेगळ्या दिवशी मजूर लावणं परवडत नाही. त्यामुळे शेताच्या बांधावर सगळं एका ड्रममध्ये कालवलं जातं आणि एकाच पंपातून पिकावर पडतं. थोडं माणसावरही पडतं.

औषधाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. तो रंग प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून ठरतो: शरीराच्या दर किलोमागे तोंडावाटे किती मिलिग्रॅम दिलं की निम्मे उंदीर मरतात. ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. चाचणी प्रत्येक डब्याची होते. बांधावरच्या ड्रमात काय तयार झालं, त्याचा रंग कोणता, हे कुणी तपासलेलं नसतं.

याची किंमत २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळने मोजली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, आठशेच्या आसपास लोक रुग्णालयांत दाखल झाले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि डायफेन्थियुरॉन ही त्यांतली तीन. उरलेली दोन म्हणजे प्रोफेनोफॉस अधिक सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल अधिक इमिडाक्लोप्रिड. म्हणजे बंदी घातलेल्या पाचांपैकी दोन कारखान्यातूनच मिश्रण होऊन आलेली होती.

प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन ही जोडी उगाच जमवलेली नाही. सायपरमेथ्रिन हे सिंथेटिक पायरेथ्रॉइड किडीच्या मज्जातंतूंवर हल्ला करतं. कीड मात्र एस्टरेज गटातल्या विकरांच्या मदतीने ते फोडून निष्प्रभ करते. अनेक वर्षं फवारा खाल्लेल्या किडींमध्ये ही विकरं भरपूर असतात. प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट स्वतः विष आहेच, शिवाय ते ही विकरंच बंद पाडतं. पहिल्याने दुसऱ्याला अडवणारा पहारेकरी आधीच बांधून ठेवलेला असतो, म्हणून दोघांचा एकत्र परिणाम बेरजेपेक्षा जास्त होतो. किडीच्या बाबतीत हाच त्या उत्पादनाचा गुण. पण पायरेथ्रॉइड फोडणारी त्याच घराण्यातली विकरं माणसाच्या यकृतातही असतात, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट त्यांनाही सोडत नाही.

डॉक्टरांपुढचा पेच वेगळाच. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम आहेत. डायफेन्थियुरॉनवर किंवा फिप्रोनिलवर खास असा उतारा नाही. ड्रममध्ये काय काय होतं हे रुग्णाला सांगता आलं नाही तर उपचार लक्षणांच्या मागे धावत राहतात.

मिश्रणाच्या विषाचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न तसा जुना आहे. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ चेस्टर ब्लिस यांनी १९३९ मध्ये एकत्र दिलेल्या विषांचे तीन प्रकार मांडले: दोन्ही एकाच वाटेने मारतात, दोन्ही स्वतंत्र वाटांनी मारतात, किंवा एक दुसऱ्याला बळ देतं. विभागणी आजही वापरात आहे. पण ब्लिस यांच्या हातात कीटक होते, मात्रा त्यांना हवी तशी मोजून देता येत होती. माणसांवर असा प्रयोग करता येत नाही. जे आयुष्यातून आपोआप त्यांच्या अंगावर आलं, तेवढंच मोजता येतं. आणि यवतमाळमध्ये विष एका दिवसात बोललं, तसं ते नेहमी बोलत नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेल्याने स्मरणशक्ती मंदावली का, हाताची पकड ढिली झाली का, गर्भातल्या बाळाचं वजन घटलं का, याचं उत्तर कुठल्याही एका रुग्णाच्या कागदपत्रांत सापडत नाही. तिथे संख्याशास्त्र लागतं.

जालन्याला हा प्रश्न दुहेरी लागू आहे. १ मे १९८१ ला औरंगाबादपासून वेगळा झालेला हा जिल्हा एका बाजूने बियाण्यांचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, आणि २००२ मध्ये देशात परवानगी मिळालेली पहिली बीटी कपाशी त्याच घराण्यातली. बीटीने बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीला कमी झाल्या. रसशोषक किडींवरच्या राहिल्या, आणि पुढे गुलाबी बोंडअळीनेही बीटीला दाद देणं सोडलं. दुसऱ्या बाजूने जालना पोलादाचा. एमआयडीसीतल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळवून सळई बनते. भंगारातल्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यातून जस्त येतं, जुन्या रंगातून शिसं, मिश्रधातूतून मँगनीज. भट्टीवर कामाला जाणाऱ्याच्या घरचं कुणी कपाशीवर फवारतंही. एकाच कुटुंबात धातूंचं मिश्रण आणि कीटकनाशकांचं मिश्रण एकमेकांना भेटतात.

समजा, जिल्ह्यातल्या फवारणी करणाऱ्या ३०० जणांच्या लघवीचे नमुने घेतले. त्यांत क्लोरपायरीफॉसचा अंश टीसीपीवाय, पायरेथ्रॉइड्सचा अंश ३-पीबीए आणि आणखी आठ पदार्थ मोजले. सोबत प्रत्येकाची स्मरणशक्तीची चाचणी घेतली. आता रिग्रेशन, पाठ्यपुस्तकातलं समाश्रयण, वापरून विचारायचं की कोणत्या पदार्थाने गुण किती घसरले.

सगळ्यांना सुचणारी पहिली पद्धत म्हणजे एकेक पदार्थ घेऊन तपासणे. तिचं काय होतं ते आकड्यांतच पाहू. दोन पदार्थ आहेत असं धरा. खरं तर पहिल्याची पातळी एका मापाने वाढली की २ गुण जातात आणि दुसऱ्याची वाढली की ३. पण दोन्ही एकाच ड्रममधून येतात, त्यामुळे एक जास्त तिथे दुसराही जास्त. दोघांतला सहसंबंध ०.९५ आहे. पहिला एकटा तपासला तर त्याच्या खात्यावर ४.८५ गुण पडतात, कारण दुसऱ्याचं पापही तोच वाहतो. दुसरा एकटा तपासला तर त्याच्या नावावर ४.९. दोन्ही तक्ते स्वतंत्र निबंधांत छापले गेले, तर वाचणाऱ्याला वाटेल की गावात जवळपास दुप्पट नुकसान चाललं आहे.

मग दोन्ही एकाच समीकरणात घालावेत. घालता येतात, पण मग संगणक बिचकतो. बैलजोडी कायम एकाच जुवाला जुंपलेली असेल, तर कोणत्या बैलाने किती ओढलं हे नांगरलेल्या रानाकडे बघून सांगता येत नाही. त्यासाठी एखाद्या दिवशी एकटा बैल चाललेला पाहावा लागतो. इथे एकटा चाललेला बैल म्हणजे ज्यांच्या अंगात एक पदार्थ जास्त आणि दुसरा कमी आहे असे लोक. ०.९५ सहसंबंध असताना असे लोक मोजकेच असतात, आणि सगळा निकाल त्यांच्यावर तोलला जातो. हिशेब असा: प्रत्येक पदार्थाच्या अंदाजातली अनिश्चितता, विचरणाच्या भाषेत, दहापटींहून थोडी अधिक फुगते. तीनशे माणसांत जी अचूकता मिळाली असती, तिच्यासाठी तीन हजारांहून जास्त माणसं लागतील. एका नमुन्यात पहिल्याचा परिणाम ६ आणि दुसऱ्याचा उणे १ येईल, म्हणजे दुसरं कीटकनाशक स्मरणशक्ती वाढवतं असं दिसेल. दुसऱ्या नमुन्यात पहिल्याचा उणे २ आणि दुसऱ्याचा ७.

मात्र ६ आणि उणे १ मिळून ५ होतात. उणे २ आणि ७ मिळूनही ५. खऱ्या २ आणि ३ ची बेरीजही ५. एकाचा अंदाज चुकून वर गेला की दुसऱ्याचा तेवढाच खाली येतो, आणि बेरीज जागेवर राहते. गणिताने पाहिलं तर ०.९५ सहसंबंध असताना एकेकट्या पदार्थाच्या अंदाजाचं विचरण १०.३ असेल, तर बेरजेचं १.०३ असतं. दोन पदार्थ एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असते, तर बेरजेचं विचरण २ झालं असतं. म्हणजे जो घट्ट सहसंबंध एकेकट्याचा हिशेब बिघडवतो, तोच बेरजेचा हिशेब पक्का करतो. मिश्रणाच्या संख्याशास्त्रातली माझ्या मते सर्वात उपयोगी गोष्ट हीच, आणि ती समजायला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. जुने संशोधक या सहसंबंधाला रोग समजून त्यावर इलाज शोधत बसले. प्रश्न बदलला की रोगच बराचसा उरत नाही: ‘कोणी केलं?’ ऐवजी ‘सगळ्यांनी मिळून किती केलं?’

हे प्रश्न विचारायला आज बहुतेक संशोधक ‘आर’ नावाची संगणकीय भाषा वापरतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती १९९० च्या दशकात लिहिली. ती फुकट आहे, आणि कुणीही तिच्यात नवीन पद्धतींची भर घालू शकतो. मिश्रणांसाठी तिच्यात अशी बरीच भर पडली आहे. मी तीन पद्धतींचीच ओळख करून देतो.

पहिली वेटेड क्वांटाइल सम. तिचं सॉफ्टवेअर ‘जीडब्ल्यूक्यूएस’. क्रिस जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी ती आकाराला आणली. तिच्यावरचा बहुचर्चित निबंध २०१५ चा. प्रत्येक रसायनाच्या पातळीनुसार लोकांचे चार समान गट पाडायचे आणि त्यांना ०, १, २, ३ असे क्रमांक द्यायचे. मग प्रत्येक रसायनाला वजन द्यायचं, सगळ्या वजनांची बेरीज १, आणि त्यातून प्रत्येक माणसाचा एकच मिश्रण-निर्देशांक काढायचा. वजनं विदेच्या एका भागातून ठरवायची आणि निर्देशांक दुसऱ्या भागावर तपासायचा, म्हणजे स्वतःच स्वतःला शाबासकी देण्याचा दोष टळतो. पद्धत साफ आहे, पण तिची एक अट जाचते: मिश्रणातले सगळे घटक एकाच दिशेने काम करतात असं तिला धरावं लागतं. आपल्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आणि फ्लोराइडबरोबर कॅल्शियमही असतं, भट्टीच्या धुरात शिशाबरोबर जस्तही. सगळे एकाच बाजूला उभे आहेत हे कुणी सांगावं?

अलेक्झांडर कील आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ही अट काढून टाकली. त्यांच्या क्वांटाइल जी-कॉम्प्युटेशनमध्ये, म्हणजे ‘क्यूजीकॉम्प’मध्ये, तेच चार गट पाडून साधं रिग्रेशन करतात आणि प्रश्न विचारतात: सगळी रसायनं एकाच वेळी एकेक पायरी वर गेली, तर सरासरी परिणाम किती बदलेल? उत्तर म्हणजे सगळ्या सहगुणकांची बेरीज, आपलं मघाचं ५. काही घटक फायद्याचे असतील तर त्यांचा उणे भाग वेगळा दिसतो. या पॅकेजसोबत सरावासाठी दिलेली विदाही विहिरींची आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या विहिरींच्या धर्तीवर बनवलेल्या या नमुन्यांत १६ धातू आहेत. बोअरवेलवर जगणाऱ्या मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने सराव म्हणून तीच विदा घेतली, तर तिच्यातले प्रश्न त्याला परके वाटणार नाहीत.

सॉफ्टवेअरमध्ये हे काम एका ओळीचं आहे. ओळ लिहिली की तक्ता येतो, सोबत डावी-उजवीकडे पसरलेले रंगीत पट्टे येतात, आणि सगळ्यात लांब पट्टा ज्या रसायनाचा त्याच्याकडे बोट दाखवण्याचा मोह कुणालाही आवरत नाही. इथे थांबावं. ‘पायरी’ म्हणजे त्या लोकांमधला चौथाई गट. ती गावागणिक बदलते. एका कीटकनाशकाची पायरी ०.२ मायक्रोग्रॅमची असू शकते, दुसऱ्याची २० ची. ज्या रसायनाच्या पातळीत गावात मोठी तफावत आहे, त्याचा पट्टा लांब होतो. जे सगळ्यांच्याच अंगात सारखं आहे, ते कितीही जहाल असलं तरी त्याचा पट्टा आखूड राहील. शिवाय तीच पट्ट्यांची वाटणी त्या बैलजोडीच्या पेचात सापडलेली असते: बेरीज भक्कम, वाटणी डळमळीत. त्यामुळे वजनांचा तक्ता गुन्हेगारांची यादी म्हणून छापणं मला गैर वाटतं. असे निबंध मात्र भरपूर निघतात.

बेरीज कामाची असली तरी प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनसारख्या जोडीसाठी ती पुरत नाही, कारण तिथे एक दुसऱ्याला बळ देतो. दहा रसायनांत ४५ जोड्या होतात. एकत्र असण्या-नसण्याच्या शक्यता १,०२४. सगळ्या समीकरणात घातल्या तर ३०० माणसांची विदा फाटून जाईल. इथे तिसरी पद्धत कामाला येते. जेनिफर बॉब आणि सहकाऱ्यांची ‘बीकेएमआर’, म्हणजे बेझियन कर्नल मशीन रिग्रेशन, हीही २०१५ चीच. तिचा गाभा असा की ज्यांच्या अंगातलं मिश्रण एकमेकांसारखं, त्यांचे परिणामही एकमेकांसारखे असावेत. सारखेपणा किती, हे ती विदेतूनच शिकते, आणि परिणामाची रेघ सरळच असली पाहिजे असा हट्ट धरत नाही. मूळ निबंधात तिचा वापर धातूंचं मिश्रण आणि मेंदूचा विकास यांवर झाला होता. पुढे बांगलादेशात जन्माआधीच मुलांच्या वाट्याला आलेलं आर्सेनिक, मँगनीज आणि शिसं आणि त्या मुलांचा विकास यांवर तिचा मोठा अभ्यास झाला.

ही पद्धत चालायला वेळ खाते. हजारो फेऱ्या लागतात, साध्या लॅपटॉपवर तासन्‌तास जातात. पण खरा धोका तिच्या सुंदर आलेखांत आहे. एक आलेख दाखवतो, पहिलं रसायन खूप आणि दुसरं अगदी कमी असेल तर काय होईल. गावात असा माणूसच नसेल, तर ती रेघ संगणकाची कल्पना आहे. माणसं असोत वा नसोत, आलेख मात्र दोन्ही ठिकाणी सारख्याच गुळगुळीत रेघा काढतो. आपल्या विदेत त्या कोपऱ्यात किती माणसं उभी आहेत, हे आधी साध्या ठिपक्यांच्या चित्रात पाहून घ्यावं.

अमेरिकेच्या पर्यावरण आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये एक कार्यशाळा घेतली होती. तिथे मुद्दाम बनवलेली विदा अनेक गटांना दिली आणि प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने तिचा माग काढला. सगळ्या प्रश्नांना एकच पद्धत सरस ठरेल असं तिथे निघालं नाही. अपेक्षितच होतं, कारण पद्धती वेगवेगळ्या प्रश्नांसाठी बनल्या आहेत.

संगणकाआधीचं काम किचकट आणि कंटाळवाणं असतं, म्हणून पुस्तकं त्यावरून घाईने पुढे जातात. क्लोरपायरीफॉसचा लघवीतला अंश साधारण दिवसाभरात निम्मा होतो. मंगळवारी फवारलेल्या माणसाचा नमुना शनिवारी घेतला, तर तो जवळपास स्वच्छ दिसेल. त्यामुळे हंगामात एकदा घेतलेला नमुना त्या माणसाबद्दल फार कमी सांगतो. निदान दोन-तीन वेळा तरी घ्यायला हवा. उन्हात पाणी कमी प्यालेल्याची लघवी घट्ट असते, तिच्यात सगळंच जास्त दिसतं. म्हणून क्रिएटिनिनशी तुलना करावी लागते. यंत्राला दिसेल त्याहून कमी असलेली पातळी शून्य नसते, तिथे काय आकडा धरायचा याचे नियम आहेत, आणि अर्ध्याहून अधिक लोकांत पदार्थ दिसतच नसेल तर चार गट पाडण्याला अर्थ उरत नाही. हे सगळं सांभाळूनही एक गोष्ट उरते. फवारणी करणारा बहुधा भूमिहीन किंवा अल्पभूधारक, कमी शिकलेला, उन्हात राबणारा. स्मरणशक्तीच्या चाचणीत त्याला कमी गुण मिळाले, तर त्यात कीटकनाशकाचा वाटा किती आणि शाळा सुटल्याचा किती? शिक्षण, वय, उन्हातले तास समीकरणात न घालता ‘क्यूजीकॉम्प’ चालवलं, तर ते गरिबीलाच विष म्हणून मोजेल, आणि तेही तीन दशांश स्थळांपर्यंत.

एकत्र पाहिल्याखेरीज काही गोष्टी दिसतच नाहीत, याचा महाराष्ट्रातला चांगला पुरावा विषांचा नसून जीवनसत्त्वांचा आहे. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९० च्या दशकात गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. त्यांची मुलं सहा वर्षांची असताना तपासली गेली, आणि २००८ मध्ये आलेल्या निष्कर्षात दिसलं, की ज्या मातांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वात जास्त होता. फोलेट आपण चांगलं समजतो, त्याच्या गोळ्या वाटतो. एकेकटं तपासलं असतं तर ही जोडी हाती लागली नसती.

मिश्रणाची मोजणी आपल्या कायद्यात अगदीच नाही असं नाही. बाटलीबंद पाण्यासाठीच्या भारतीय मानकात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.०००१ मिलिग्रॅम आहे आणि सगळ्यांच्या बेरजेची ०.०००५. युरोपमध्ये पिण्याच्या पाण्याला हीच दुहेरी मर्यादा लागू आहे. द्राक्षांच्या बाबतीत आपले बागायतदार तर आणखी पुढे गेलेत. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपने महाराष्ट्राची द्राक्षं अडवली होती. निर्यातीच्या बागांत उर्वरित अंशाची तपासणी नेहमीची आहे. पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यासाठी संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम करतं. युरोपातल्या काही सुपरमार्केट साखळ्या तर एका घडात एकूण किती वेगवेगळी औषधं चालतील, याचीही मर्यादा घालतात. जालन्यातल्याच कडवंचीसारख्या गावातल्या द्राक्ष बागायतदाराला हा बेरजेचा हिशेब नवा नाही. खाणाऱ्याच्या ताटात पोचणाऱ्या मिश्रणाची बेरीज आज महाराष्ट्रात होते. पाठीवर पंप घेऊन कपाशीत चालणाऱ्याच्या अंगात किती पोचलेलं चालेल, हे सांगणारी अशी कोणतीही मर्यादा नाही, आणि ती ठरवायची तर आधी त्याच्या लघवीचे ते दोन-तीन नमुने कुणीतरी हंगामात वेळेवर घ्यावे लागतील.